स्वीट पीची वेल सात फूट गेली, फुलं मात्र नाहीत: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात गच्चीवर, दहा इंची काळ्या ग्रो-बॅगमध्ये, नातेवाइकांनी इंग्लंडहून आणलेल्या 'स्पेन्सर मिक्स्ड' पाकिटातलं स्वीट पी, म्हणजे सुवासिक फुलांची वेल, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं. दर दहा दिवसांनी जीवामृत दिलं. फेब्रुवारी संपेपर्यंत वेली सात फूट गेल्या, कळी एकही नाही. मार्चमध्ये कळ्या दिसल्या, त्या पिवळ्या पडून गळल्या. आता पानं खालून वाळताहेत. चूक मातीची, खताची की बियाण्याची? आणि पुढच्या वर्षी काय करावं?

आधी बियाण्याचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. बियाणं खराब नव्हतं. ते पुण्यासाठी नव्हतं एवढंच.

स्वीट पी मूळचं इटलीतल्या सिसिली बेटावरचं. फ्रान्चेस्को कुपानी या तिथल्या धर्मगुरूने 1699 मध्ये त्याचं बियाणं इंग्लंडला धाडलं आणि तिथून ते बागांमध्ये पसरलं. सिसिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. वेल शरद ऋतूत उगवते, सौम्य थंडीत मुळं धरते, वसंतात फुलते आणि कडक ऊन लागलं की शेंगा धरून मरते. फुलायची वेळ ओळखण्यासाठी ती दिवस किती मोठा झाला हे मोजते. नुसती थंडी मिळून भागत नाही.

आता आपल्याकडचा हिशोब. पुण्यात 21-22 डिसेंबरला, म्हणजे सर्वांत लहान दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साधारण 11 तास भरतात. नागपुरात त्याहून दहाएक मिनिटं कमी. दिवस 12 तासांचा होईपर्यंत मार्चचा मध्य उजाडतो. स्पेन्सर गटातल्या जातींना फुलायला जवळपास 12 तासांचा दिवस लागतो. इंग्लंडात त्या जूनमध्ये बहरतात, कारण तिथे तेव्हा दिवस लांब असतो आणि हवाही थंड. पुण्यात 12 तासांचा दिवस येतो तो 35-36 अंशांची दुपार सोबत घेऊनच. तुमच्या वेलींनी इशाऱ्याची वाट पाहिली, इशारा मिळाल्यावर कळ्या काढल्या आणि त्याच आठवड्यात उन्हाने त्या भाजल्या. जीवामृत दिलं नसतं तरी फार वेगळं घडलं नसतं.

म्हणून पाकीट घेताना रंगाआधी गट बघायचा. ढोबळमानाने तीन गट आहेत. हिवाळी गटाला 10 तासांचा दिवस पुरतो. 'विंटर एलिगन्स' आणि 'मॅमथ' या मालिका त्यातल्या. वसंती गटाला 11 तासांच्या आसपासचा दिवस लागतो; त्यात 'कथबर्टसन' आणि तिच्यापासून निघालेली 'रॉयल' या मालिका येतात. उष्णता थोडी जास्त सोसण्यासाठीच त्या अमेरिकेत निवडल्या गेल्या. उन्हाळी गट 12 तासांचा. स्पेन्सर आणि बहुतेक जुन्या, दोन-तीन फुलांच्या सुवासिक जाती त्यात मोडतात. महाराष्ट्राच्या पठारावर पहिले दोनच गट कामाचे. नर्सरीतल्या पाकिटावर नुसतंच 'स्वीट पी मिक्स' लिहिलेलं असेल तर 'अर्ली', 'विंटर फ्लॉवरिंग', 'रॉयल' असा एखादा शब्द शोधा. काहीच सापडलं नाही तर ते पाकीट परत ठेवा, मग त्यावरचा फोटो कितीही देखणा असो.

सुवासाच्या बाबतीत थोडी तडजोड आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या उन्हाळी जातींचा वास सर्वांत गडद असतो. रॉयलचा वास चांगला आहे, पण त्या तोडीचा नाही. तरी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दहा-बारा दांड्या फुलदाणीत ठेवल्या की खोली भरते, तेवढं पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट पेरणीची तारीख. लवकर फुलणाऱ्या जातींनाही पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत 75 ते 90 दिवस लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर फुलं धरायला जानेवारी संपतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापायला लागते. हातात महिनाच उरतो. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात दोन हप्त्यांत पेरा: पहिला 25 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर, दुसरा 15 ते 20 ऑक्टोबर. घट बसले की पाकीट बाहेर काढा आणि संक्रांतीच्या तिळगुळासोबत फुलं द्या, असा ठोकताळा चालतो. फक्त अधिकामुळे सण पुढे सरकले असतील त्या वर्षी पंचांग बाजूला ठेवून कॅलेंडर बघा. पहिला हप्ता परतीच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सापडतो, म्हणून तो छपराखाली, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी पिशव्यांत करायचा. दोन हप्ते यासाठी की एखाद्या वर्षी पहिला कुजतो.

कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा खटाटोप करू नये असं माझं मत आहे. रात्र पुरेशी गार होत नाही, हवा दमट राहते, वेल जगते पण दांड्या आखूड निघतात. तिथे गोकर्णाच्या वेलीवर प्रेम करावं.

बी, पिशवी आणि पहिले तीन आठवडे

एका ग्रॅममध्ये साधारण 10 ते 12 बिया येतात. बी ज्वारीपेक्षा मोठं, वाटाण्यापेक्षा लहान, गोल आणि कडक. हातात घेऊन पाहिलं तर एका बाजूला फिकट लांबट खूण दिसते, तो बीचा डोळा. अंकुर त्याच्या जवळून निघतो, म्हणून तिथे हात लावायचा नाही. डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला नेलकटरने टरफलाचा टाचणीच्या डोक्याएवढा कपचा काढा. आतला पिवळसर भाग दिसला की थांबा. पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासलं तरी चालतं.

मग साध्या पाण्यात 8 ते 10 तास, म्हणजे रात्रभर भिजवा. सकाळी ज्या फुगल्या त्या लगेच पेरा. ज्या तशाच आहेत त्यांना पुन्हा कपचा काढून आणखी चार-पाच तास द्या. चोवीस तासांवर पाण्यात ठेवलेलं बी बुळबुळीत होतं आणि मातीत गेल्यावर कुजतं. फिकट, पांढुरक्या टरफलाच्या बिया असतील (पांढऱ्या किंवा मोतिया फुलांच्या काही जातींच्या असतात) तर कपचाही नको आणि भिजवणंही नको. त्यांचं टरफल पातळ असतं, पाणी भसकन आत शिरतं आणि डाळ फुटते. त्या कोरड्याच, ओलसर मातीत पेरायच्या.

बीला गुलाबी किंवा हिरवा रंग चोपडलेला असेल तर ते बुरशीनाशक आहे. हातमोजे घाला आणि ते भिजवलेलं पाणी भाजीच्या कुंडीत ओतू नका. रंग नसलेल्या बियांना पेरण्यापूर्वी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून वेलीला नत्र मिळवून देणारे जिवाणू, लावता येतं. पण कुठलंही रायझोबियम चालत नाही. स्वीट पी हे आपल्या लाखेचं, म्हणजे पूर्व विदर्भात धानानंतर पेरतात त्या लाखोळीचं, सख्खं भावंड. वाटाणा, मसूर आणि लाख यांच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू एकच, तोच इथे लागतो. सोयाबीनसाठी आणलेलं पाकीट घरात पडून असेल तर त्याचा उपयोग शून्य. 250 ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं, तेव्हा तुमच्या पन्नास बियांना गुळाच्या पाण्यात कालवलेलं चिमूटभर बास. रंगवलेल्या बियांना ते लावू नका, बुरशीनाशकाने जिवाणू मरतात.

पेरायला चार बाय सहा इंचांच्या काळ्या पिशव्या उत्तम. मूळ सरळ खोल जातं आणि त्याला हात लागलेला खपत नाही, म्हणून उथळ ट्रे नको. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. बोटाच्या एका पेराएवढं, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर खोल, एका पिशवीत दोन बिया. एकदा भरपूर पाणी घाला आणि नंतर कोंब दिसेपर्यंत वरची माती फक्त ओलसर ठेवा. रोज पाणी घालणाऱ्यांच्या बिया कुजतात, आणि दोष मात्र दुकानदाराला जातो. आठ ते पंधरा दिवसांत कोंब येतात. माती 18-20 अंशांजवळ असेल तर भराभर, ऑक्टोबरच्या उकाड्यात रेंगाळत.

कोंब वर आल्यावर खारी, उंदीर आणि गोगलगायी येतात. खार बी उकरून काढते. पिशव्यांवर पहिले पंधरा दिवस कोंबडीची जाळी उलटी टाका. रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली तर पाणी जास्त झालं आणि वारा खेळत नाही. उरलेल्या पिशव्या लगेच लांब लांब मांडा, एक दिवस पाणी तोडा, आणि लिटरला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कालवून थोडं थोडं ओता. कोलमडलेलं रोप मात्र परत उठत नाही.

शेंडा, कुंडी आणि आधार

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. बहुतेकांचा हात इथे थरथरतो. पण पहिला शेंडा तसाच ठेवला तर एकच लुकडी वेल वर पळते आणि तिच्यावर फुलं कमी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या वर नखाने खुडलं की खालच्या पेरांतून दोन-तीन जाड फांद्या फुटतात. तुमची सात फुटी वेल हे न खुडलेल्या आणि नत्र खाल्लेल्या वेलीचं लक्षण आहे.

दहा इंची ग्रो-बॅग कमी पडते. निदान 14 ते 15 इंच खोल कुंडी हवी, त्यात चार रोपं. जमिनीत लावणार असाल तर दीड फूट खोल, एक फूट रुंद चर, तळाला कुजलेल्या शेणखताचा चार इंची थर, आणि रोपांत सहा ते आठ इंच अंतर. चराची दिशा दक्षिणोत्तर ठेवली तर दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. 15 इंची कुंडीत निम्मी माती, पाव हिस्सा शेणखत, पाव हिस्सा कोकोपीट आणि जाड वाळू मिळून. वर दोन मुठी बोनमील आणि एक मूठ निंबोळी पेंड. काळी चिकण माती असेल तर वाळू वाढवा. या वेलीला उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती आवडते, म्हणजे सामू (pH) 7 ते 7.5. आपल्या बऱ्याच मातींचा सामू आधीच तेवढा किंवा वर असतो, तेव्हा इंग्लंडातल्या सल्ल्याप्रमाणे चुना टाकायची गरज नाही.

काळी पिशवी थेट गच्चीच्या स्लॅबवर ठेवणं ही दुसरी मोठी चूक. स्वीट पीला डोकं उन्हात आणि पाय गारव्यात हवेत. दुपारी स्लॅब खालून तापतो, काळं प्लास्टिक बाजूने तापतं, आणि पाणी देऊनही मुळं ते ओढू शकत नाहीत. कुंडी दोन विटांवर उचला, पिशवीभोवती पांढरं कापड किंवा गोणपाट गुंडाळा, मातीवर दोन-तीन इंच उसाचं पाचट पसरा. जागा पूर्वेची, निदान सहा तास ऊन. पश्चिमेची भिंत सूर्य मावळल्यावरही दोन तास उष्णता ओकत असते, तिच्यापासून लांब राहा.

आधाराबद्दल एक बारकावा. वेल ताण्यांनी चढते, आणि हे ताणे बारीक वस्तूलाच वेटोळं घालतात. पेन्सिलीपेक्षा जाड बांबू त्यांना पकडता येत नाही. वेल बांबूला टेकून उभी राहते आणि पहिल्या वाऱ्याला घसरून खाली येते. बांबू उभे करा ते चौकट म्हणून, आणि त्यावर चार ते सहा इंची चौकोनांची वेलीची जाळी किंवा सुतळी ताणा. गावाकडून तुराट्या मिळाल्या तर त्याहून सुरेख काही नाही: सहा फुटी, बारीक फांद्यांच्या, कुंडीभोवती गोल खोचायच्या आणि वर एकत्र बांधायच्या. आधार रोप लावतानाच द्या. ताण्याला धरायला काही सापडलं नाही की शेजारच्या वेलींची एकमेकींत गुंतवळ होते, आणि ती सोडवताना फांद्या मोडतात.

पाणी आणि खत

पाणी सकाळी, बुडापाशी, तळातून झिरपेपर्यंत. मग वरची माती बोटभर खोल सुकेपर्यंत थांबा. डिसेंबरात हे दोन-तीन दिवसांनी येतं, फेब्रुवारीत रोज. खालची पानं पिवळी आणि माती ओली असेल तर मुळं गुदमरली आहेत. पानं पिवळी, माती कोरडी आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल तर पाणी कमी. दोन्हीत पानं सारखीच दिसतात, म्हणून आधी बोट मातीत घाला. तुमच्या वर्णनावरून दहा इंचात ठासलेली मुळं आणि तापलेली पिशवी, म्हणजे दुसरा प्रकार दिसतो.

खत कमी द्यायचं, कारण ही द्विदल वेल आहे आणि गाठी नीट धरल्या तर नत्र स्वतःच मिळवते. दर दहा दिवसांनी जीवामृत म्हणजे पानांची मेजवानी. शेंडा खुडल्यावर एकदा 19:19:19 हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे), लिटरला दोन ग्रॅम. पहिल्या कळ्या दिसायच्या सुमारास 0:52:34, लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. बहरात असताना 0:0:50 लिटरला तीन ग्रॅम, महिन्यातून एकदा. सेंद्रियच हवं असेल तर चुलीची राख महिन्याला एक चमचा, त्याहून जास्त नको. राखेने सामू चढतो आणि मग कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

कळ्या गळण्याचं कारण दर वेळी उष्णताच असतं असं नाही. डिसेंबरात, गारठ्यात, पहिल्या दोन-चार दांड्यांवरच्या कळ्या गळल्या तर घाबरू नका. ढगाळ हवा, जास्त पाणी, रात्री-दिवसाच्या तापमानातली मोठी तफावत किंवा नत्राचा मारा यांनी असं होतं. नत्र आणि पाणी आखडतं घ्या, आठवड्यात थांबतं. फेब्रुवारीच्या शेवटी, दुपार 32 अंशांवर जायला लागल्यावर गळायला लागल्या तर मात्र तो शेवट. सावलीची 35 टक्क्यांची हिरवी जाळी दुपारपुरती बांधून दहा-पंधरा दिवस मिळतील, फार नाही.

कीड-रोगात मावा सर्वांत पहिला येतो, कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठाशी. तो नुसता रस शोषत नाही, विषाणूही पसरवतो. फुलावर चट्टे-पट्टे आणि पानं वेडीवाकडी दिसली तर ती वेल उपटून टाका, औषध नाही. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा द्रव साबण, संध्याकाळी, पाच दिवसांनी पुन्हा. जानेवारीच्या उत्तरार्धात दिवस उबदार आणि रात्र गार झाली की भुरी येते, पानावर पिठासारखी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी, आणि 32 अंशांवर असताना अजिबात नाही, पानं करपतात. निंबोळी तेल आणि गंधक यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. फेब्रुवारीत पानांखाली लाल कोळी आला तर खालच्या बाजूने पाणी मारा. तोवर हंगामही संपत आलेला असतो.

फुलं तोडायला कंजूषपणा करू नका. दांडीवरची खालची दोन-तीन फुलं उमलली आणि टोकाच्या कळीला रंग आला की देठ बुडापासून तोडा. एक दिवसाआड सगळी वेल तपासा. पानाआड एक शेंग भरली तरी वेलीला वाटतं काम झालं, आणि नव्या कळ्या थांबतात. आठवडाभर गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगा, फुलं तुमची, फक्त सगळी तोडा. फुलदाणीत ती तीन ते पाच दिवस टिकतात. केळी, चिकू, आंबा यांच्या टोपलीजवळ ठेवली तर दोनच, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू त्यांना लगेच बाधतो.

बी घरी धरायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एकाच वेलीवर दहा-बारा शेंगा ठेवा. कळी उमलण्याआधीच आत परागीभवन होऊन जातं, त्यामुळे शेजारी दुसरा रंग असला तरी बी बहुधा मूळच्याच रंगाचं येतं. शेंग खाकी, कुरकुरीत झाली की ती फुटण्याआधी काढा.

आणि घरात लहान मुलं असतील तर हे आधी वाचा: ही शेंग हुबेहूब मटाराच्या शेंगेसारखी दिसते, पण ती विषारी आहे. बियांतल्या घटकाने हाडं आणि सांध्यांच्या उतींवर परिणाम होतो. भाजीबाजारात 'स्वीट पीज' म्हणून मिळतो तो मटार वेगळा. गच्चीवर दोन्ही लावत असाल तर शेजारी शेजारी लावू नका.

सध्याच्या वेलींचं काय करायचं, तर त्यांना वाचवत बसू नका. जमिनीलगत कापा, मुळं मातीतच राहू द्या. एक मूळ उपसून पाहा: मोहरीएवढ्या गाठी दिसल्या आणि त्या नखाने फोडल्यावर आत गुलाबी निघाल्या तर रायझोबियम तुमच्या मातीत आधीच आहे, पुढच्या वर्षी लावायची गरज नाही. त्याच मातीत शेणखताची भर घालून आता भेंडी पेरा. उरलेलं स्पेन्सरचं पाकीट हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन वर्षं उगवतं. महाबळेश्वर-पाचगणीला कुणी ओळखीचं असेल तर त्यांना द्या. दिवस तिथेही मार्चमध्येच 12 तासांचा होतो, पण दुपार इतकी तापत नाही.